कवळीचा ताबा

सासऱ्यांची कवळी फिशटँकमध्ये पडली नव्हती. ती त्यांनी स्वतःच्या हाताने तिथे ठेवली होती. पडणं वेगळं आणि ठेवणं वेगळं, हा मुद्दा त्या रविवारी घरात बऱ्याच वेळा आणि बऱ्याच आवाजांत मांडला गेला. कवळी वरच्या दातांची होती. खालचे दात सासऱ्यांचे स्वतःचे होते आणि त्यांना त्याचा अभिमान होता.

सासरे म्हणजे निवृत्त भाषाशिक्षक. उभ्या आयुष्यात ते एकाच लढाईत उतरले, ती श, ष आणि स यांच्या हक्कांची. शहामृगातला श, षटकोनातला ष आणि सशातला स हे तीन सख्खे भाऊ असले तरी एका ताटात जेवत नाहीत, हे त्यांनी पोरांच्या डोक्यात इतकं ठोकून बसवलं की पोरांनी त्यांचं नाव षटकोन मास्तर ठेवलं. हे कानावर आलं तेव्हा ते रागावले नाहीत. नाव ठेवणाऱ्याने ष नीट उच्चारला का, एवढंच त्यांनी विचारलं. त्या रविवारी संध्याकाळी शाळेच्या माजी विद्यार्थ्यांचा मेळावा होता आणि मुख्य भाषण षटकोन मास्तरांचं होतं. विषय ‘शुद्ध उच्चार’. त्यासाठी ते कित्येक दिवस हातात आरसा धरून जिभेच्या हालचाली तपासत होते. काही कारणाने त्यांना जमलं नाही तर भाषण खालच्या मजल्यावर राहणारे ड्रॉइंग मास्तर करणार होते. आणि ड्रॉइंग मास्तर शाळेला ‘साळा’ म्हणत. त्या विषयावर त्या तोंडून भाषण होण्यापेक्षा मेळावाच रद्द झालेला बरा, असं सासऱ्यांचं स्पष्ट मत होतं.

आदल्या दिवशी कवळी टोचते म्हणून ते दातांच्या डॉक्टरकडे गेले होते. डॉक्टरने ती घासून दिली आणि सांगितलं, “घरी असाल तेव्हा काढून मिठाच्या पाण्यात ठेवत चला.”

“पाण्यात मीठ किती?”

“टाका हो अंदाजाने.”

सासऱ्यांनी आयुष्यात अंदाजाने काही केलं नव्हतं. घरी येताना त्यांनी विचार केला, आणि तिथेच घात झाला. घरात मापून मीठ घातलेलं पाणी एकाच ठिकाणी होतं. ते जावयाच्या टँकमध्ये होतं.

जावई जमीन मोजणारा सर्व्हेअर. दिवसभर दुसऱ्यांच्या बांधावर टेप धरून उभं राहायचं आणि दोन्ही बाजूंच्या शिव्या सारख्या वाटून घ्यायच्या, हे त्याचं काम. घरी जिवाला शांतता मिळावी म्हणून त्याने मासा पाळला. मासा समुद्रातला, त्यामुळे पाणी खारं लागायचं. दर रविवारी जावई बादलीत मीठ विरघळवून खारटपणा मोजायचं यंत्र डोळ्याला लावायचा आणि चमचा अर्धा चमचा करत बसायचा. शांतता मात्र मिळाली नाही. मासा बोटाएवढा, निळा, पिवळ्या शेपटीचा. त्याचं नाव बोट्या पडलं ते निम्मं त्याच्या लांबीवरून आणि निम्मं तो बोटांचं जे करायचा त्यावरून. “एकटाच ठेवा, याला शेजार सोसत नाही,” असं दुकानदाराने बजावलं होतं. जावयाने तरी दोन सोबती आणून पाहिले. बोट्याने त्यांच्या शेपट्यांच्या झिरमिळ्या केल्या आणि दोघांना दुकानात परत पोचवावं लागलं. आता त्याच्याबरोबर फक्त एक गोगलगाय उरली होती. ती त्याच्या दगडांच्या गुहेजवळ आली की बोट्या तिला तोंडात धरून दुसऱ्या कोपऱ्यात नेऊन टाकायचा.

“कामावर भांडणं कमी पडतात म्हणून हे घरी आणलंत का?” असं बायको अधूनमधून विचारायची.

तर रविवारी दुपारी जेवण झाल्यावर सासऱ्यांनी कवळीला शिवणाचा दोरा बांधला, ती टँकमध्ये सोडली, दोऱ्याचं टोक झाकणात अडकवलं आणि ते झोपले. उठून दोरा ओढला तर नुसता दोराच वर आला. त्यांना गाठ मारायची कधी वेळ आली नव्हती. कवळी बोट्याच्या गुहेच्या बरोबर दारात पडली होती आणि बोट्या तिच्याभोवती फिरून तिची पाहणी करत होता. सासऱ्यांनी हात घातला. बोट्याने तो काढायला लावला. मग त्यांनी स्वयंपाकघरातून सांडशी आणली आणि कवळी बाहेर ओढण्याच्या नादात ती गुहेत आणखी आत ढकलली. पुढचे दोन दात तेवढे बाहेर दिसत राहिले.

जावई एका मोजणीहून परतला तेव्हा सासरे स्टुलावर चढून कोपरापर्यंत टँकमध्ये होते.

“बाबा, काय करताय?”

सासऱ्यांनी ओठ घट्ट मिटले. मग नाइलाजाने उघडले. “दोरा फुटला.”

आतून बायको पळत आली. “काय फुटलं? टँक फुटला?”

“टँक नाही. दोरा. बांधला होता, तो फुटला.”

“दोरा फुटेल कसा, बाबा?”

“अगं फुटला म्हणजे फुटला. गाठ फुटली.”

लेकीने वडिलांकडे नीट पाहिलं. वरचा ओठ आत गेला होता आणि नाक हनुवटीच्या भेटीला निघालं होतं. “बाबा, तुमचे दात कुठायत?”

सासऱ्यांनी सांडशीने दाखवलं.

संध्याकाळच्या भाषणाचं चित्र एकदम तिघांच्याही डोळ्यांपुढे उभं राहिलं. ‘शुद्ध उच्चार’ या विषयाचा उच्चारच ‘फुद्ध उच्चार’ असा होणार होता. सासरे स्टुलावरून उतरून खुर्चीत बसले. रागाने दातओठ खावेत तर त्यालाही दात लागतात.

“आधी जागेची पाहणी करू,” जावई म्हणाला. ही त्याची कामावरची सवय.

“पाहणी कसली करताय? हात घाला,” बायको म्हणाली. “साडेपाचला मेळाव्याची गाडी येणार आहे.”

जावयाने हात घातला आणि लगेच काढला.

“चावला?”

“चावला असं नाही,” बोट चोखत जावई म्हणाला. “हरकत घेतली.”

“लोकांच्या जमिनी सोडवता तुम्ही, आणि तुम्हाला एक दात सोडवता येत नाही?”

“लोकांना ताबा मिळवायला वर्षं लागतात गं. याने तासाभरात मिळवला. त्याला आता सहजासहजी उठवता येणार नाही.”

“दगड काढा,” खुर्चीतून हुकूम आला.

“बाबा, ते दगड जिवंत आहेत. त्यांच्यात बारीक जीव असतात. कोरडे पडले तर मरतील.”

सासऱ्यांनी हातातली सांडशी मांडीवर ठेवली. “दगड मरतील,” ते म्हणाले. “आणि माझं काय होईल?”

शेवटी हीटर आणि पंप बंद केले. जावई मगाने टँकचं पाणी उपसायचा आणि बायको ते पातेल्यात, कुकरमध्ये, पिठाच्या डब्यात, जे हाताला लागेल त्यात भरायची. मग त्या पाण्यात एकेक दगड विराजमान व्हायचा. पाहता पाहता दिवाणखान्यात पाय ठेवायला जागा राहिली नाही. एका टोपात गोगलगाय होती. दगड निघत गेले तसा बोट्या जास्तच चवताळला, कारण आता त्याला सांभाळायला एकच दगड उरला होता. तो सगळ्यांत मोठा होता आणि कवळी त्याच्याच खाली होती.

जावयाने दुकानदाराला फोन लावला. “आरसा दाखवा त्याला,” दुकानदार म्हणाला. “स्वतःशीच भांडत बसेल. तेवढ्यात तुमचं काम उरका.”

हे पटण्यासारखं होतं. बायकोने सासऱ्यांचा तालमीचा आरसा आणून टँकच्या डाव्या काचेला बाहेरून लावला. आपल्या हद्दीत हुबेहूब आपल्यासारखाच एक आगाऊ मासा शिरलेला पाहून बोट्याने गुहा सोडली आणि तो काचेवर धडका मारू लागला. जावयाने उजवीकडून हळूच हात घातला. बोटं वाळूतून सरकत दाताला लागली. “लागले,” तो कुजबुजला. सासरे खुर्चीच्या कडेवर येऊन बसले.

आणि फोन वाजला. बायकोने तो घ्यायला आरसा काचेवरून काढला. बोट्याचा शत्रू जागच्या जागी नाहीसा झाला. त्याने मागे वळून पाहिलं तर घरात हात. पुढे काय झालं ते जावयाला नीट सांगता आलं नाही, पण त्याचं कोपर मागे गेलं, मागचं मोठं पातेलं स्टुलावरून उलटलं, खारं पाणी सतरंजीवरून, दारावरून, कोपऱ्यातल्या पाइपच्या भोकातून दिसेल त्या वाटेने खाली निघालं आणि टँकमधला मोठा दगड कवळीवर आडवा झाला.

फोनवर मेळाव्याचा मुख्य होता. षटकोन मास्तरांचा जुना विद्यार्थी, आता बँकेत मॅनेजर. “ताई, सरांना द्या ना जरा. आवाज ऐकायचाय त्यांचा.”

सासऱ्यांनी दोन्ही हात हलवले.

“बाबा आवाज जपतायत,” ताई म्हणाली. “भाषण होईपर्यंत बोलणार नाहीत.”

“वा,” मॅनेजर भारावून म्हणाला.

पुसायला फडकी येईपर्यंत दारावरची बेल वाजली. दारात ड्रॉइंग मास्तर.

“छतातून पाणी गळतंय आमच्या,” ते म्हणाले. “सोफ्यावर थेंब पडला म्हणून चाखून पाहिला, तर खारट. म्हटलं, समुद्र वरच्या मजल्यावर कधीपासून राहायला आला?”

“माफ करा काका, टँक साफ करत होतो,” असं म्हणत बायको टँकसमोर उभी राहिली, कारण दगड आडवा झाल्यापासून कवळी पुढच्या काचेला चिकटली होती आणि टँक आल्यागेल्याकडे पाहून हसत होता. सासरे खुर्चीत ताठ, ओठ मिटून.

“काय सर, झाली का तयारी? साळेत सगळे वाट बघतायत.”

एवढं बोलून ड्रॉइंग मास्तर सवयीने थांबले. त्यांनी ‘साळा’ म्हणायचं आणि षटकोन मास्तरांनी पुढच्या श्वासाला ‘शाळा’ म्हणायचं, हा दोघांचा जन्माचा शिरस्ता होता. आज पुढून काहीच आलं नाही. जिना उतरताना एक पायरी कमी निघावी तसे ड्रॉइंग मास्तर अडखळले.

“साळेत,” त्यांनी पुन्हा म्हणून पाहिलं.

सासरे छताकडे पाहू लागले.

“नाही म्हणजे, विसय छान आहे तुमचा. सुद्ध उच्चार.”

सासऱ्यांच्या कपाळावरची शीर उडू लागली. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

“बाबा आवाज जपतायत,” बायको घाईने म्हणाली.

“असं असं. जपा. आणि नाहीच जमलं, तर मी आहेच. सहज दोन ओळी लिहून ठेवल्यात.” त्यांनी खिशातून दोन ओळींचं जाडजूड भेंडोळं काढून दाखवलं, परत ठेवलं आणि ते शीळ घालत जिना उतरले. पाण्याबद्दल त्यांनी पुढे अवाक्षर काढलं नाही. खाली जाऊन त्यांनी पहिलं काम केलं ते मॅनेजरला फोन करून कळवण्याचं, की सरांचा आवाज बसला आहे आणि आपण तयार आहोत.

त्यामुळे साडेपाचची गाडी घाबरून लवकरच आली आणि तिच्यातून मॅनेजर स्वतः उतरला. तोपर्यंत जावयाच्या दोन बोटांना पट्ट्या लागल्या होत्या आणि दगड तसूभरही हलला नव्हता. उचलावा तर गुहेच्या राहिलेल्या तुकड्यासाठी बोट्या जिवावर उदार झाला होता. सासऱ्यांनी एकदा टँककडे पाहिलं, एकदा घड्याळाकडे पाहिलं. मग ते उठले आणि त्यांनी इस्त्रीचा सदरा घातला.

“बाबा, जाऊ नका,” लेक हळूच म्हणाली. “तब्येत बरी नाही सांगू.”

सासऱ्यांनी तिला दाराआड नेलं. “मी गेलो नाही, तर तो बोलेल,” ते म्हणाले. “माझ्या जागेवर उभा राहून फाळेला फाळा म्हणेल.”

“साळा, बाबा.”

“तेच म्हणालो.”

सभागृह भरलं होतं. टक्कल पडलेली, पोट सुटलेली, केस रंगवलेली मुलं खुर्च्यांवर बसून एकमेकांना टपल्या मारत होती. व्यासपीठावर षटकोन मास्तर, शेजारी मांडीवर भेंडोळं घेऊन ड्रॉइंग मास्तर. जावई आणि बायको शेवटच्या रांगेत. मॅनेजरने सरांची ओळख करून दिली, त्यात तीन वेळा तो स्वतःच्याच भावनेने अडला, आणि टाळ्यांच्या कडकडाटात सासरे माइकपाशी जाऊन उभे राहिले. बायकोने जावयाचा हात गच्च धरला, नेमका पट्टीचा.

सासरे काही बोलले नाहीत.

ते नुसते उभे राहून सभागृहाकडे पाहत होते. वर्गात खडू फेकणारा सापडेपर्यंत पाहायचे, तसं. टाळ्या थांबल्या. गप्पा थांबल्या. पुढच्या रांगेतल्या कंत्राटदाराने तोंडातलं च्युइंगम रुमालात घेतलं. कुणीतरी मोबाइल मांडीखाली सरकवला. मॅनेजरने दोन्ही हात आपोआप पाठीमागे बांधले. शांतता इतकी वाढली की ती कुणाच्या तरी अंगाशी येणार, असं सगळ्यांना वाटू लागलं.

ड्रॉइंग मास्तरांना हीच संधी वाटली. ते भेंडोळं घेऊन पुढे आले. “सरांचा घसा बसला आहे,” ते माइकमध्ये म्हणाले, “तेव्हा त्यांच्या वतीने मी.” सासरे खुर्चीकडे परत जातील म्हणून ते क्षणभर थांबले. सासरे जागचे हलले नाहीत. तिथेच, माइकच्या शेजारी, हातभर अंतरावर उभे राहिले. ड्रॉइंग मास्तरांनी अंग चोरून कागद उघडला.

“मित्रहो, आपल्या या साळेत...”

सासऱ्यांनी उजव्या हाताचं एक बोट वर केलं.

“शाळेत,” सभागृह म्हणालं.

कुणी ठरवलं नव्हतं. ते बोट वर गेलं की पुढे काय करायचं हे त्या सगळ्यांच्या हाडात होतं. ड्रॉइंग मास्तर चपापले. त्यांनी पुढची ओळ घेतली. “तीस वर्सं मी...”

बोट.

“वर्षं,” सभागृह गरजलं. त्यात एक आवाज ‘वर्शं’ असा आला. सासऱ्यांनी मान तेवढी तिकडे वळवली. सहाव्या रांगेतून एक नामांकित वकील स्वतःहून उभा राहिला, “षटकोनातला ष, सर, चुकलं,” म्हणाला आणि खाली बसला.

आता हशा पिकला होता. ड्रॉइंग मास्तरांचे कान लाल झाले. ते कागद घडी करून निघणारच होते, पण निघताना त्यांची नजर सभागृहावर गेली. सगळे पुढे झुकून त्यांच्या पुढच्या शब्दाची वाट बघत होते. उभ्या नोकरीत त्यांचा चित्रकलेचा तास कधी गणिताने पळवला होता, कधी विज्ञानाने. त्यांचा शब्द ऐकायला एवढी माणसं कधी थांबली नव्हती. ते परत वळले, त्यांनी भेंडोळं खिशात घातलं आणि डोळे मिचकावून म्हणाले, “सहरातल्या सहाण्या सेतकऱ्याचं सेपूट.”

वाक्याला अर्थ नव्हता, पण सभागृहाने ते जागेवर उभं राहून दुरुस्त केलं. मग त्यांनी शिडी, शिंपी, विष, विशेष, भाषा अशी सगळी ठेवणीतली अस्त्रं काढली. सासऱ्यांचं बोट वर जात होतं आणि खाली येत होतं. आपण शिकवलेलं यांनी परीक्षेच्या दुसऱ्या दिवशीच टाकून दिलं असेल, अशी त्यांची इतकी वर्षं समजूत होती. ते कुणाला बोलून दाखवलं नव्हतं. आता समोरून एवढ्या घशांतून एकच स्वच्छ ष येत होता, आणि त्यांना फार, फार आनंद झाला. लेकीला तो शेवटच्या रांगेतून दिसला.

शेवटी ड्रॉइंग मास्तरांनी दम घेतला, जीभ टाळूला नीट लावून पाहिली आणि एकेक अक्षर तोलून म्हणाले, “सर्वांना शुभेच्छा.”

सासऱ्यांनी बोट वर केलं नाही. त्यांनी ड्रॉइंग मास्तरांच्या पाठीवर हात ठेवला. टाळ्या बराच वेळ थांबल्या नाहीत.

“एक शब्द बोलले नाहीत सर,” बाहेर पडताना मॅनेजर डोळे पुसत लोकांना सांगत होता. “आणि काय भाषण झालं.”

दुसऱ्या दिवशी सकाळी जावयाने हातात जाड रबरी मोजे घातले, दोन्ही बाजूंना दोन आरसे लावले आणि दगड उचलून कवळी बाहेर काढली. बोट्या तिच्यामागे पार पाण्याच्या वरपर्यंत आला. जावई कवळी तळहातावर घेऊन दिवाणखान्याच्या दुसऱ्या टोकाला गेला. तिथे सासरे आणि ड्रॉइंग मास्तर एकाच सोफ्यावर, मध्ये चहाचे कप ठेवून, डोकी जवळ घेऊन बसले होते.

“बाबा, मिळाली.”

सासऱ्यांनी वर पाहिलं. “ठेवा परत आत.”

“परत?” बायको आतून बाहेर आली. “बाबा, तुम्ही जेवणार कसे?”

“फूप पिईन.”

ड्रॉइंग मास्तरांनी कवळीकडे जरा धास्तीनेच पाहिलं. “ताई, ठेवाच ती आत,” ते म्हणाले. “सर बोलायला लागले तर मला कोण बोलावणार?”

“कुठे बोलावणार?” जावयाने विचारलं.

“आणखी तीन फाळांची बोलावणी आली आहेत,” सासरे म्हणाले आणि शांतपणे चहाचा घोट घेतला. “भाफणाला.”